चपटे काचेवर बसतात, गोल बसत नाहीत : कृमींच्या स्लाइड-संचाविषयी

बेळगावच्या बाजारपेठेत शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणारी जी मोजकी दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानातून आमच्या खानापूर तालुक्यातील पदवीपूर्व महाविद्यालयासाठी चपट्या कृमींच्या व गोलकृमींच्या तयार स्लाइडचा एक संच आणि त्याच्या जोडीला फॉर्मेलिनमधील नमुन्यांच्या तीन बरण्या गेल्या शैक्षणिक वर्षात घेतल्या. माल अंबाल्याकडचा आहे आणि थोड्याफार फरकाने तोच माल कोल्हापूर, हुबळी, धारवाड अशा सगळीकडे मिळतो. पुढे काही तक्रारी येणार असल्याने दुकानाचे नाव देत नाही. पहिल्या पी.यू.सी.च्या प्राणिसृष्टीच्या प्रकरणात हे दोन्ही संघ एकामागोमाग येतात आणि दोन्ही थोडक्यात उरकलेले असतात. आमच्याकडची बरीचशी मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून थेट इंग्रजी प्राणिशास्त्रात येऊन पडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी पुस्तकातील ओळींपेक्षा भिंगाखाली काय दिसते यावर बरेच काही अवलंबून असते.

निर्णय आधीच सांगून टाकतो. चपट्या कृमींच्या स्लाइडसाठी हा संच घ्यावा. पैसे वसूल होतात. गोलकृमींच्या स्लाइडपैकी मात्र निम्म्या नसत्या तरी काही बिघडले नसते. यात बनवणाऱ्याचा दोष थोडा आहे, पण खरे कारण त्या प्राण्यांच्या घडणीतच आहे, आणि ते समजून घेतले तर खरेदी करताना कोणत्या स्लाइडवर पैसे घालायचे हेही आपोआप समजते.

पेटी लाकडी आहे, खाचा नीट कापलेल्या आहेत आणि झाकणाच्या आतल्या बाजूस क्रमांकवार यादी चिकटवलेली आहे. एकूण वीस स्लाइड, बरण्यांसह किंमत अडीच हजारांच्या आसपास. दुकानदारांनी पेटी समोर ठेवून “सर, उघडून बघून घ्या की, मागनं तक्रार नको,” असे स्वतःहून सांगितले, ही गोष्ट मला आवडली. मात्र दुकानात बघायला सूक्ष्मदर्शक नव्हता; ट्यूबलाइटसमोर स्लाइड धरून काच फुटलेली नाही, बाल्सममध्ये, म्हणजे नमुना ज्या पारदर्शक राळेत बसवतात तिच्यात, बुडबुडे नाहीत, कव्हरस्लिप सरकलेली नाही, एवढेच पाहता आले.

संचातील सर्वांत देखणी स्लाइड यकृत पर्णकृमीची, म्हणजे फॅसिओलाची आहे. बोरॅक्स कार्मीनने रंगवलेला पूर्ण प्राणी एका काचेवर बसला आहे आणि अगदी साध्या हातभिंगातूनही त्याचा निमुळता शिरोभाग, टोकावरचे मुखचूषक आणि त्यामागचे मोठे अधरचूषक ओळखता येते. सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत कमी शक्तीखाली स्लाइड हळूहळू सरकवत नेली की मधल्या भागात फांद्या फुटलेली वृषणे गडद गुलाबी दिसतात, दोन्ही कडांना पीतक ग्रंथींचे बारीक दाणे दाट पसरलेले दिसतात आणि त्यांच्यामधून आतड्याच्या शाखा कडेपर्यंत गेलेल्या दिसतात. मुलांना मी इथे थोडा वेळ थांबवतो, कारण या संघाचे सारे मर्म याच चित्रात आहे. चपट्या कृमींना रक्ताभिसरण संस्था नाही, श्वसनाचे वेगळे इंद्रिय नाही आणि अवयवांभोवती द्रवाने भरलेली देहगुहाही नाही. तिथे सगळी भरीव ऊती असते. प्राणवायू आत येणे आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जाणे हे केवळ विसरणाने व्हायचे, तर कोणतीही पेशी पृष्ठभागापासून फार दूर असून चालणार नाही, म्हणून शरीर पातळ; आणि अन्न वाहून नेणारे रक्त नाही, म्हणून आतडेच फांद्या फोडून सगळीकडे पोहोचते. त्या आतड्याला तोंड एकच, गुदद्वार नाही. शरीर असे पातळ असल्यामुळेच ते अख्खे रंगवून, निर्जल करून, दोन काचांमध्ये सपाट ठेवता येते आणि प्रकाश आरपार जातो. फक्त ज्वाला पेशी, म्हणजे या प्राण्यांच्या उत्सर्जनाच्या पेशी, यात दिसत नाहीत, आणि त्या दिसतील अशी अपेक्षाही कोणी तयार स्लाइडकडून करू नये. त्यांतील झुलपांची हालचाल जिवंत प्राण्यातच पाहावी लागते.

याच प्राण्याच्या बरणीबद्दल मात्र तक्रार आहे. बरणीवर फॅसिओला हेपॅटिका असे छापले आहे, पण आतले नमुने चार सेंटिमीटरहून लांब आहेत, त्यांच्या दोन्ही कडा बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकींना समांतर जातात आणि शिरोभागामागचे ‘खांदे’ जवळजवळ नाहीतच. हेपॅटिका साधारण दोन ते तीन सेंटिमीटरचा, रुंद खांद्यांचा असतो. आपल्याकडच्या म्हशी-गाईंच्या यकृतात मुख्यतः आढळतो तो जायगँटिका, जो सात सेंटिमीटरपर्यंतही वाढतो. नमुने इथल्याच कोणत्या तरी कत्तलखान्यातून गोळा केलेले असावेत आणि लेबल पाठ्यपुस्तकावरून छापलेले असावे, असे दिसते. शिक्षकाने लक्षात आणून दिले तर हीच चूक तासाला उपयोगी पडते; न दिले तर मुले चुकीचे नाव पाठ करतात.

पर्णकृमीच्या डिंभावस्थांच्या स्लाइड, म्हणजे मिरॅसिडियम, रेडिया आणि सर्केरिया, ठीकठाक आहेत. रेडियाची स्लाइड चांगली निघाली आहे. तिच्या पोटात तयार होत असलेल्या सर्केरिया मोजता येतात. मिरॅसिडियमची स्लाइड म्हणजे केवळ एक गुलाबी ठिपका आहे. हे जीवनचक्र आमच्या भागातल्या मुलांना शिकवायला सोपे जाते, कारण त्यातील प्रत्येक ठिकाण त्यांच्या ओळखीचे असते: जनावराच्या शेणातून पडलेले अंडे पाण्यात जाते, त्याचे झाकण उघडून मिरॅसिडियम बाहेर येतो आणि भाताच्या खाचरांत, पाटाच्या संथ पाण्यात राहणाऱ्या लिम्निया जातीच्या गोगलगायीत शिरतो, तिथे एका अंड्यापासून शेकडो सर्केरिया तयार होतात, त्या बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर कवच करून बसतात आणि ते गवत खाणाऱ्या म्हशीच्या आतड्याची भिंत भेदून, यकृत पोखरत शेवटी पित्तनलिकांत जाऊन राहतात. खाचराच्या कडेचे गवत कापून घातले की जनावर खंगते, हे शेतकऱ्याला माहीत असते. हे चक्र १८८१ ते १८८३ या काळात जर्मनीत लॉयकार्ट यांनी आणि इंग्लंडमध्ये थॉमस यांनी स्वतंत्रपणे उलगडले. गोगलगायीचा धागा हाती लागेपर्यंत रोग कुठून येतो याचा पत्ता नव्हता.

पट्टकृमींच्या स्लाइडमध्ये संचाची खरी चूक सापडली. यादीप्रमाणे टीनिया सोलियमचे, म्हणजे डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीचे, शीर्ष, परिपक्व खंड आणि गर्भित खंड अशा तीन स्लाइड आहेत. शीर्षाची स्लाइड बिनतोड आहे: चार चूषके आणि मधल्या उंचवट्यावर आकड्यांची दोन वर्तुळे, एक मोठ्या आकड्यांचे आणि एक लहान. सोलियममध्ये हे आकडे २२ ते ३२ असतात आणि या स्लाइडवर ते शांतपणे मोजता येतात. पण गर्भित खंडाची स्लाइड लावली तेव्हा मधल्या गर्भाशयाला एका बाजूस अठरा फांद्या मोजता आल्या. सोलियममध्ये त्या ७ ते १३ असतात. १३ च्या पुढे गेल्या की तो खंड सॅजिनाटाचा, म्हणजे गाईच्या मांसातून येणाऱ्या आणि शीर्षावर आकडे नसलेल्या पट्टकृमीचा. दोन वेगवेगळ्या प्राण्यांचे तुकडे एकाच नावाखाली एका पेटीत आले होते. पट्टकृमीला स्वतःचे आतडेच नसते, तो पचलेले अन्न त्वचेवाटे शोषतो, हे समजावताना या दोन जातींत काही फरक पडत नाही. पण जात ओळखण्याचा प्रयोग या स्लाइडवर घेतला असता तर हुशार मुलाला गुण गमवावे लागले असते.

त्याच ओळीतील सिस्टिसर्कसच्या, म्हणजे मांसात राहणाऱ्या पट्टकृमीच्या डिंभाच्या, छेदाची स्लाइड मात्र जपून ठेवण्यासारखी आहे. द्रवाने भरलेल्या पिशवीत आतल्या बाजूला वळलेले शीर्ष त्यात स्पष्ट दिसते. आमच्याकडे कोबी खाल्ल्याने मेंदूत किडा जातो असे सर्रास बोलले जाते, तेव्हा या स्लाइडवर दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्या लागतात. अर्धकच्चे डुकराचे मांस खाल्ले तर त्यातील सिस्टिसर्कसपासून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या मात्र मांसामुळे नव्हे, तर पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडलेली अंडी पोटात गेल्यामुळे, मग ती न धुतलेल्या हातांवाटे जावोत, पाण्यावाटे जावोत की कच्च्या भाजीवाटे. म्हणून आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो, आणि कोबीचा त्यात स्वतःचा असा काही गुन्हा नाही.

एकायनोकॉकसची स्लाइड बघून मुलांना नेहमी आश्चर्य वाटते. पट्टकृमी म्हटले की कित्येक मीटर लांबीची फीत डोळ्यांसमोर येते, आणि इथे तीन-चार खंडांचा, ३ ते ६ मिलिमीटरचा संपूर्ण प्राणी एकाच दृष्टिक्षेत्रात जवळजवळ मावतो. तो राहतो कुत्र्याच्या आतड्यात. त्याची अंडी पोटात गेली की मेंढीच्या, आणि क्वचित माणसाच्याही, यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली मोठी गाठ तयार होते. अथणी-रायबागकडच्या धनगरांच्या कळपांत मेंढी आणि कुत्रा कायम एकत्र असतात, मेंढरू कापले की आतडी-काळीज कुत्र्यापुढे पडते, त्यामुळे हे चक्र का तुटत नाही हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही. प्लॅनेरियाची, म्हणजे पाण्यात मोकळ्या राहणाऱ्या चपट्या कृमीची, स्लाइडही उत्तम आहे, आतड्याच्या पुढे जाणारी एक आणि मागे जाणाऱ्या दोन अशा तिन्ही शाखा तिच्यात ठळक आहेत. परंतु प्लॅनेरिया काचेवर पाहण्याचा प्राणीच नव्हे. खानापूरच्या स्वच्छ वाहत्या ओढ्यांतील दगड उलटून पाहावेत, नाहीतर दोऱ्याला काळजाचा लहानसा तुकडा बांधून पाण्यात सोडावा, आणि मिळालेला प्राणी ब्लेडने दोन तुकडे करून स्वच्छ पाण्यात ठेवावा. दोन्ही तुकडे काही दिवसांत पूर्ण होतात. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ टी. एच. मॉर्गन यांनी १८९८ मध्ये मूळ शरीराच्या २७९ व्या हिश्शाएवढ्या तुकड्यातूनही अख्खा प्राणी तयार होतो असे नोंदवले होते.

आता गोलकृमी. अंकुशकृमी, पिनकृमी आणि ट्रायकिनेला यांचे अख्खे प्राणी काचेवर बसवलेल्या स्लाइड पाहून निराशा होते. अंकुशकृमीची स्लाइड म्हणजे एक पिवळसर, आतून धुरकट नळी आहे. त्याच्या तोंडातील दात किंवा कापणाऱ्या पट्ट्या, ज्यांवरून अँकायलोस्टोमा आणि नेकेटर वेगळे ओळखायचे, त्या काही केल्या केंद्रात येत नाहीत, कारण प्राणी कुशीवर पडला आहे. पिनकृमीची मादी तशी पारदर्शक असते, पण या स्लाइडमध्ये ती कव्हरस्लिपच्या दाबाने चिरली आहे आणि अंडी बाहेर सांडली आहेत. रंग तर कशालाच नीट लागलेला नाही. गोलकृमीचे शरीर बाहेरून चिवट, कमी पाझर असलेल्या उपत्वचेने झाकलेले असते, जी त्याच्या वाढीत चार वेळा टाकली जाते; रंग तिच्यातून सहज आत जात नाही. आत आभासी देहगुहा, म्हणजे आतडे आणि शरीरभिंत यांच्यामधली द्रवाने भरलेली पोकळी, असते, तिच्यातील द्रवाचा दाब बाहेरच्या उपत्वचेला ताणून धरतो आणि त्यामुळेच शरीर गोल राहते. दाब काढून घेतला किंवा वरून काच दाबली की गोलपणा गेला, आणि गोलपणा गेला की त्या प्राण्याचे वैशिष्ट्यच गेले. या जातीच्या स्लाइड कोणत्याही उत्पादकाच्या घेतल्या तरी फार वेगळे काही मिळेल असे वाटत नाही.

याला अपवाद आहेत जंताचे, म्हणजे अॅस्कॅरिसचे, आडवे छेद. नर आणि मादी अशा दोन स्लाइड आहेत आणि केवळ त्यांच्यासाठीसुद्धा मी हा संच पुन्हा घेईन. छेद पूर्ण वर्तुळाकार आहेत, कुठेही दुमडलेले नाहीत. उपत्वचेच्या आत चार ठिकाणी जाड झालेल्या रेषा आहेत: पाठीकडची व पोटाकडची एकेक, त्यांत चेतारज्जू, आणि दोन बाजूंच्या दोन, त्यांत उत्सर्जन नलिका. त्या रेषांच्या मध्ये स्नायूपेशी ओळीने उभ्या आहेत. प्रत्येक पेशीचा बाहेरचा भाग आकुंचन पावणारा आणि आतला भाग फुगीर, व त्या फुगीर भागातून एक लांब धागा चेतारज्जूकडे गेलेला. बहुतेक प्राण्यांत चेतातंतू स्नायूकडे जातात. इथे स्नायूच चेतारज्जूकडे हात पुढे करतो, हे या स्लाइडवर प्रत्यक्ष दाखवता येते. स्नायू सगळे उभे, आडव्या वर्तुळाकार स्नायूंचा थरच नाही, म्हणून गांडुळासारखे आखडत-पसरत सरपटणे गोलकृमीला जमत नाही, तो नुसता वळवळतो. आतडे म्हणजे उंच पेशींचा एकच थर, त्यालाही स्नायू नाहीत. मादीच्या छेदात अंड्यांनी गच्च भरलेली दोन मोठी गर्भाशये आणि त्यांच्याभोवती अंडाशयाच्या नळ्यांचे अनेक लहान गोल दिसतात. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते हे वाक्य मुलांनी आधी वाचलेले असते. ते खरे कसे असू शकेल हे छेद पाहिल्यावर पटते.

जंताच्या बरणीतील जोडी चांगली आहे. नर लहान आणि शेपटीकडे आकड्यासारखा वळलेला, मादी लांब आणि सरळ. दरवर्षी १० फेब्रुवारीला जंतनाशक दिनी ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी मुलांनी वर्गात चघळलेली असते. ती कशासाठी, हे ही बरणी हातात दिली की कळते. एक सावधगिरी मात्र दुकानात कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो: जंताच्या अंड्यांचे कवच इतके टणक असते की सौम्य फॉर्मेलिनमध्येही त्यांतील गर्भ वाढू शकतो. मादी चिरून दाखवायची असेल तर हातमोजे घालावेत आणि नंतर टेबल गरम पाण्याने धुवावे. बरणीची झाकणे हलकी आहेत. मेणाने बंद करून घेणे चांगले.

हत्तीरोगाच्या सूक्ष्म डिंभांची रक्तलेपाची स्लाइड साधारण प्रतीची आहे. ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली डिंभ आणि त्यातील केंद्रकांची रांग दिसते, शेपटीचे टोक केंद्रकाविना आहे हेही दिसते, त्यामुळे वुचेरेरिया ही ओळख पटते. भोवतीचे आवरण मात्र कल्पनेनेच पाहावे लागते.

संचात नसलेल्या दोन गोष्टींची उणीव जाणवली. पहिली नारूची. कर्नाटक हे एकेकाळी नारूच्या राज्यांपैकी एक होते, देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणे, त्या पाण्यातील सायक्लॉप्स, म्हणजे नारूचे डिंभ वाहणारे बारीक जलचर, पोटात जाणे आणि वर्षभराने पायातून निघणारी जवळजवळ मीटरभर लांबीची मादी काडीला गुंडाळत रोज थोडी थोडी ओढून काढणे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारले तर अजून ऐकायला मिळते. पण दाखवायला नमुना नाही. दुसरी उणीव पिकांवरील सूत्रकृमींची. निपाणीकडची तंबाखू, आणि सगळीकडची वांगी, टोमॅटो व भेंडी यांच्या मुळांवर गाठी करणारा मेलॉइडोगायनी या भागातल्या मुलांना माणसातल्या जंताइतकाच जवळचा आहे, आणि अंबाल्याच्या यादीत तो नाही.

ही दुसरी उणीव फुकटात भरून निघते. पिवळे पडलेले, खुरटलेले वांग्याचे रोप मुळांसकट उपटून पाण्यात अलगद धुवावे, त्यावरची एक गाठ काचेवर घेऊन दोन सुयांनी फोडावी. मोत्यासारखी पांढरी, नासपतीच्या आकाराची मादी बाहेर येते. गोलकृमी सगळे दोऱ्यासारखे असतात हा समज तिथेच संपतो. मातीतील मोकळे सूत्रकृमी पाहायचे असतील तर काचेच्या नरसाळ्याला रबराची नळी जोडून तिला चिमटा लावावा, नरसाळ्यात पाणी भरून त्यावर मलमलीत बांधलेली मूठभर ओली माती टेकवावी आणि रात्रभर ठेवावे. सकाळी चिमटा सैल करून घेतलेल्या थेंबात ते तळाशी आलेले असतात, आणि वर सांगितलेली ती वळवळ, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला, कमी शक्तीखालीही दिसते. अंकुशकृमीच्या अख्ख्या स्लाइडपेक्षा या थेंबातून मुले जास्त शिकतात.

दुकानाच्या सेवेबद्दल दोन शब्द. चुकीच्या गर्भित खंडाची स्लाइड परत नेली तेव्हा दुकानदारांनी वाद न घालता ठेवून घेतली, पण बदली स्लाइड यायला बराच काळ लागला आणि आलेल्या स्लाइडवर जातीचे नावच नव्हते, नुसते ‘टीनिया’ होते. एका अर्थी ते अधिक प्रामाणिक म्हणायचे. बरणीचे लेबल बदलून मिळाले नाही. ते आम्हीच हाताने लिहून चिकटवले. सुट्या स्लाइड मिळतात, फक्त त्या ठळक अक्षरांत यादीवर लिहिलेल्या नसतात, विचाराव्या लागतात. ज्यांच्याकडे पैसे बेताचे आहेत त्यांनी पूर्ण पेटीच्या मागे न लागता पर्णकृमीचा अख्खा प्राणी, रेडिया, सोलियमचे शीर्ष, सिस्टिसर्कस, एकायनोकॉकस आणि जंताचे नर-मादी छेद एवढ्याच सुट्या घ्याव्यात, घेताना स्वतःचे हातभिंग सोबत न्यावे आणि बिलावर प्रत्येक स्लाइडचे पूर्ण शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, म्हणजे परत करताना बोलता येते. जूनमध्ये महाविद्यालये सुरू झाली की चांगल्या छेदांच्या स्लाइड आधी संपतात. मागणी मे महिन्यातच नोंदवलेली बरी.